मुले खेळतात, पण मैदान कोण पाहतो?



शनिवारी सकाळी पेंडल हिलच्या मैदानावर मुलांना सोडले की आपण पालक काय करतो? डिकीतून खुर्च्या काढतो, थर्मास उघडतो आणि यंदा गणपती कोणाकडे याची चौकशी करतो. आम्हीही तेच करत होतो. गेल्या हिवाळ्यात आमच्यापैकी एकाचा मुलगा फुटबॉल खेळताना अडखळून पडला, मनगट मोडले, तेव्हा आम्ही चार घरची माणसे प्रथमच मैदानभर फिरलो.

मैदानाच्या मधोमध क्रिकेटची काँक्रीटची खेळपट्टी आहे. फुटबॉलच्या हंगामात ती मातीने झाकतात. पावसाने माती वाहून गेली होती आणि कड चांगली बोटभर वर आली होती. पुढे स्प्रिंकलरचे झाकण गायब, कुंपणाशी बाटलीच्या काचा. आणि हलवता येणारा गोल नुसताच उभा, ना वाळूची पोती ना खुंट्या! असे गोल अंगावर कोसळून मुले दगावल्याच्या घटना या देशात घडल्या आहेत. आपली पोरे त्याला माकडासारखी लोंबकळतात आणि आपण फोटो काढतो.

"जाऊ द्या हो, आपण बाहेरचे, नसती कटकट कशाला?" असे काहींचे म्हणणे पडले. ते आम्हाला मुळीच मान्य नाही. फी आपणही भरतो. शिवाय क्लब चालवणारी मंडळीही आपल्यासारखीच नोकऱ्या सांभाळून येतात. सांगितलेच नाही तर त्यांना कळणार कसे? आम्ही सांगितले. त्यांनी आभार मानले आणि पुढच्या शनिवारी गोलावर पोती होती.

खड्डे निदान दिसतात तरी. २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनी क्रिकेट ग्राउंडवर फिल ह्यूजच्या मानेवर बाउन्सर आदळला. दोन दिवसांनी तो गेला, वय अवघे २५. २०१६ च्या कोरोनरच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की दुखापतच अशी होती की काहीही केले तरी तो वाचला नसता. पण हेही उघड झाले की सहा मिनिटांहून अधिक वेळ ॲम्ब्युलन्सला फोनच गेला नव्हता, कारण तो कोणी करायचा हेच स्पष्ट नव्हते. एवढ्या मोठ्या मैदानावर ही गत, तर आपल्याकडे काय?

आम्ही मैदानावर बसलेल्यांना विचारून पाहिले. चटकन उत्तर दिले ते फक्त नाशिकहून आलेल्या एका आजोबांनी: "१०८!" तो नंबर महाराष्ट्रातला, इथला ०००. बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मैदानाचा नेमका पत्ता तर कोणालाच सांगता येईना, आणि ०००वर पोलीस, फायर की ॲम्ब्युलन्स एवढे विचारून झाले की लगेच ठिकाणच विचारतात.

तेव्हा आमची सूचना अशी: दर शनिवारी दोन पालकांनी पंधरा मिनिटे आधी येऊन मैदानाला फेरी मारावी. फोन कोणी करायचा त्याचे नाव खेळापूर्वीच ठरवावे, आणि रस्ता व फाटक लिहिलेली चिठ्ठी त्याच्या खिशात असावी. पहिले दोन शनिवार आम्ही घेतो. गाडी आत येण्याच्या फाटकाला कुलूप असते; त्याची किल्ली कोणाकडे, एवढे मात्र कोणी तरी आम्हाला तेवढ्यात शोधून द्यावे.