गणिताची सवलत कोणाच्या फायद्याची?

२०२५ च्या मे महिन्यात दहावीचा निकाल लागला, त्या आठवड्यातली गोष्ट. झरी-जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावरून एक बाई आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. आमच्या गावात मी गेली काही वर्षे १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणाऱ्या बायांचा आणि नापास मुलींचा संध्याकाळचा वर्ग घेते, ते तिला बचत गटातून कळले होते. मुलगी सगळ्या विषयांत पास, गणितात २८. आई म्हणाली, "बाई, सरकारनं वीस मार्कावर पास कराचं ठरवलं म्हणते. मंग माह्या पोरीले काहून नापास केलं?"

मी तिला सांगितले की तो नियम अजून लागू झालेला नाही. त्यावर ती म्हणाली, "लागू झाला असता त बरं झालं असतं. घरी बसवून काय करू? काका स्थळ घेऊन येऊन राह्यला."

खरे सांगते, त्या क्षणी मलाही वाटले की लागू झाला असता तर बरे झाले असते. आपण सगळ्या कार्यकर्त्यांनी हे पाहिलेले आहे. आपल्या जिल्ह्यात मुलगी दहावी नापास झाली की ती नुसती एका विषयात नापास होत नाही. शाळा सुटते, कापूस वेचायला जाणे सुरू होते आणि त्या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी तिचे लग्न लागते. मग पास करून टाका ना! सात गुणांसाठी एका मुलीचे आयुष्य का अडवायचे?

पण रात्री मी माझी स्वतःची जुनी गुणपत्रिका काढून पाहिली आणि मन फिरले. ते का फिरले, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

आधी तो नियम काय आहे ते नीट समजून घेऊ. २०२४ मध्ये महाराष्ट्राचा शालेय शिक्षणासाठीचा राज्य अभ्यासक्रम आराखडा आला. त्यात अशी तरतूद आहे की दहावीला गणित किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी पण किमान २० गुण पडले, तर विद्यार्थ्याला अकरावीत जाता येईल. मात्र गुणपत्रिकेवर शेरा येईल, की पुढे गणित वा विज्ञानावर आधारलेले शिक्षण याला घेता येणार नाही. ज्याला शेरा नको असेल त्याने पुन्हा परीक्षेला बसावे. नवा अभ्यासक्रम दहावीपर्यंत पोचेल तेव्हा हे अमलात येईल, असे त्या वेळी सांगण्यात आले. हेतू असा, की ज्यांना पुढे गणित घ्यायचेच नाही त्यांची वाट गणिताने अडवू नये.

ऐकायला किती समजूतदार वाटते! मलाही अगदी असेच समजूतदारपणे सांगितले होते, साठीच्या दशकात.

मी याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत होते. विषय निवडायची वेळ आली तेव्हा आम्हाला विचारले नाही, सांगितले: मुलींना बीजगणित-भूमिती कशाला, त्यांनी गृहशास्त्र घ्यावे. आम्हालाही आनंदच झाला. गणिताचे मास्तर रागीट होते. आम्ही लोणची घातली, रफू शिकलो, बाळाला आंघोळ कशी घालावी ते एका बाहुलीवर शिकलो. माझ्या गुणपत्रिकेवर गृहशास्त्रात उत्तम गुण आहेत. पुढे कॉलेजच्या खिडकीशी उभी राहून मी सायन्सचा फॉर्म मागितला, तर आतल्या कारकुनाने गुणपत्रिका पाहिली आणि हसून म्हणाला, "गणित कुठं आहे तुमचं?" एवढे एकच वाक्य. खिडकी बंद झाली. मला कोणी नापास केले नव्हते. मला सवलत दिली होती!

ही सवलत मोडण्यासाठी आपल्या आधीच्या बायांना झगडावे लागले, हे आज विसरायला झाले आहे. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय स्त्री शिक्षण परिषदेने हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. मुलांचा आणि मुलींचा अभ्यासक्रम वेगळा असावा का, हाच तिच्यापुढचा प्रश्न. समितीचे उत्तर होते: नसावा. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ते उचलून धरले आणि पहिली दहा वर्षे गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे, असे म्हटले. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात ते आले. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा १९७५ मध्ये झाली. म्हणजे माझ्यानंतर काही वर्षांतच आपल्या जिल्ह्यातल्या मुलींच्या हातात पहिल्यांदा सक्तीने बीजगणिताचे पुस्तक पडले. त्या सक्तीने कितीजणींना रडवले असेल. पण त्या सक्तीनेच कितीजणी पुढे इंजिनियर, कृषी अधिकारी, गणिताच्या शिक्षिका झाल्या, हेही आपण पाहिले आहे.

त्यानंतरही सोपी वाट काढण्याचे प्रयत्न झालेच. मध्यंतरी काही वर्षे दहावीला 'सामान्य गणित' नावाचा सोपा पर्याय होता; २०१७-१८ पासून नववीला तो बंद झाला. सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून 'बेसिक' आणि 'स्टँडर्ड' असे दोन गणिताचे पेपर आणले. सुरुवातीचा नियम असा, की बेसिक घेणाऱ्याला अकरावीत गणित नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही विषय दोन पातळ्यांवर ठेवण्याची सूचना आहे. आता कागदावर कुठेही 'मुलींसाठी' असे लिहिलेले नसते. पण घरात निवड करताना काय होते? मुलाला सांगतात, "पुन्हा बस, शिकवणी लावू." मुलीला सांगतात, "झालीस ना पास? बस झालं." जो नियम दोघांना सारखा लिहिलेला आहे, तो घराच्या उंबऱ्याच्या आत गेला की सारखा राहत नाही. गुणपत्रिकेवरचा हा शेरा मुलांपेक्षा मुलींच्याच कपाळी जास्त बसेल, ही माझी भीती आहे.

आता त्या २८ गुणांकडे पाहू. दहावीच्या गणितात बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४० आणि शाळेने द्यायचे अंतर्गत २०, असे १०० गुण. अंतर्गत गुण बहुतेक ठिकाणी सढळ हाताने दिले जातात. या मुलीला १८ मिळाले होते. म्हणजे लेखी ८० पैकी तिला पडले १०. आजच्या पद्धतीने हिशेब केला, तर १८ अंतर्गत मिळालेल्या मुलीला २० ची रेघ ओलांडायला लेखीत २ गुण पुरतात. ८० पैकी २! हे पास करणे आहे की हात झटकणे? आणि ३५ ची रेघ तरी काय सांगते? तिच मुलगी लेखीत १७ मिळवून पास झाली असती, आणि अकरावीच्या गणितात पहिल्याच महिन्यात बुडाली असती. दहावीला वर्गसमीकरण गाईडमधून पाठ करून चालते. अकरावीला ते हाताच्या मळासारखे येते असे धरूनच शिकवायला सुरुवात होते. या दोन इयत्तांमधली दरी भरण्याचे काम कोणाचेच नाही. पास होणे आणि पुढच्या शिक्षणाला तयार असणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सरकार दोन्हींची उत्तरे पंधरा वर्षांच्या मुलीच्या गुणपत्रिकेवर एकाच शेऱ्यात देऊ पाहते.

मुलगी 'ढ' होती का? तिच्या शाळेत दीड वर्ष गणिताला शिक्षकच नव्हता. मी पहिल्या दिवशी तिला विचारले, "तू आणि आईनं मिळून ६० किलो कापूस वेचला. आईचा तुझ्यापेक्षा १२ किलो जास्त भरला. तुझा किती?" क्षणभरही न थांबता ती म्हणाली, "चोवीस. बारा बाजूले काढले, अठ्ठेचाळीसचे अर्धे." मी वहीत क्ष आणि य मांडून दाखवले, तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. "हेच होय का ते?" हो, हेच ते. दोन चलांतील रेषीय समीकरणे, बीजगणिताच्या पुस्तकातला पहिला धडा. दीड वर्षात तिला हे एवढे सांगायला कोणी आले नव्हते.

काही मैत्रिणी म्हणतात, "ताई, खेड्यातल्या मुलींना बीजगणिताचा उपयोग काय?" त्यांना मी बचत गटाच्या बैठकीत केलेला हिशेब सांगते. गावोगाव फिरणाऱ्या कंपन्या बायांना कर्ज देतात आणि सांगतात, 'फक्त १२ टक्के, फ्लॅट'. समजा १२,००० रुपये घेतले, एका वर्षासाठी. व्याज १,४४०. हप्ता दरमहा १,१२०, त्यात मुद्दल १,०००. आता पाहा, पहिल्या महिन्यात आपल्याकडे १२,००० आहेत, दुसऱ्यात ११,०००, मग १०,०००, आणि शेवटच्या महिन्यात फक्त १,०००. ही अंकगणिती श्रेढी आहे, दहावीचाच धडा. तिची सरासरी म्हणजे पहिले आणि शेवटचे पद मिळवून निम्मे: ६,५००. म्हणजे वर्षभर सरासरी ६,५०० रुपये वापरून आपण १,४४० व्याज दिले. हे झाले २२ टक्के, १२ नव्हे! बैठकीत हे फळ्यावर मांडले तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "म्हणूनच आपल्याले शिकवत नाही." मी यापेक्षा चांगले काय सांगणार?

आणि नोकरीचे म्हणाल, तर आयटीआयला इलेक्ट्रिशियनसाठी दहावीला गणित-विज्ञान लागते. तंत्रनिकेतनात पाऊल टाकले की पहिल्या वर्षापासून गणित आहे. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे, आणि आपल्या जिल्ह्यातल्या किती मुली पहाटे रस्त्यावर धावण्याचा सराव करताना दिसतात! शेरा मिळालेल्या मुलीपुढे यातले किती उरेल?

अमेरिकेत साठीच्या दशकात मिसिसिपीमध्ये काळ्या लोकांच्या मतदार नोंदणीसाठी मार खाल्लेला रॉबर्ट मोझेस हा कार्यकर्ता पुढे १९८२ मध्ये 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' काढतो आणि सांगतो, की बीजगणित हा नागरी हक्काचा प्रश्न आहे. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हे थोडे अतिच वाटले होते. आता वाटत नाही. त्याच देशात कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून सामुदायिक महाविद्यालयांची पद्धत बदलली. गणितात कच्च्या मुलांना वर्षानुवर्षे खालच्या वर्गात अडकवण्याऐवजी कॉलेजच्या मुख्य वर्गात घ्यायचे आणि सोबत जादा मदत द्यायची, असा तो मार्ग. जशीच्या तशी नक्कल आपण करू नये. पण दार बंद न करताही मुलाला आत घेता येते, एवढे त्यातून नक्की कळते.

मग आपण काय मागायचे? गणितात नापास झाली म्हणून मुलीचे शिक्षण थांबता कामा नये, हे मला मान्य आहे. तिला अकरावीत जाऊ द्या. पण तो शेरा नको. शेरा ठेवायचाच असेल तर तो पुसता आला पाहिजे: अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत कधीही, फी न भरता, त्याच कॉलेजात जोड-वर्ग करून आणि परीक्षा देऊन. दहावीचे बीजगणित शिकवताना आणि तपासताना पुढे अकरावीला, आयटीआयला, तंत्रनिकेतनाला काय लागते हे समोर ठेवा, म्हणजे ३५ चा काही अर्थ उरेल. आणि सगळ्यात आधी, आश्रमशाळेत आणि खेड्यातल्या शाळेत गणिताचा शिक्षक द्या. शिक्षक न देता सवलत देणे म्हणजे विहीर न खणता तहान कमी करायला सांगणे.

आपल्या संघटनांनाही एक काम आहे. आपण बालविवाह थांबवायला धावतो, ते केलेच पाहिजे. पण मे महिन्यात निकाल लागतो आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, ते मधले पाच-सहा आठवडे आपण काय करतो? प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या गणितात नापास झालेल्या मुलींची यादी करावी आणि एक वर्ग चालवावा. शिकवायला बीएस्सी झालेली एखादी सून गावात सापडतेच, बहुधा चुलीपाशी.

ती मुलगी पुरवणी परीक्षेत ३७ गुणांनी पास झाली. अकरावीला तिने आर्ट्स घेतले, कारण सायन्सचे कॉलेज लांब आहे आणि एसटी वेळेवर येत नाही. म्हणजे माझी गोष्ट काही जिंकल्याची नाही. पण तिच्या गुणपत्रिकेवर शेरा नाही. पुढच्या वर्षी तिला आयटीआयचा फॉर्म भरावासा वाटला, तर खिडकीच्या आतून कोणी तिला हसून विचारणार नाही, की गणित कुठं आहे तुमचं.