फोनची जाडी कोण ठरवतो?

एखाद्या वस्तूची जाडी हा राजकारणाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न आमच्या अनेक साथींना पडेल. जमीन, जंगल, मजुरी, वीज हे आपले विषय. मोबाईलची बॅटरी किती तास चालते याचा ऊहापोह सुखवस्तू तरुणांनी करावा; चळवळीच्या साप्ताहिकाने त्यासाठी रकाने का दवडावेत? प्रस्तुत लेखकही बरीच वर्षे असेच समजत होता. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात उन्हाळ्यात हिंडल्यावर हा समज टिकला नाही.

एटापल्ली तालुक्यातल्या एका अंगणवाडीत दुपारी बसलो होतो. सेविकाताईंनी आपला मोबाईल फडक्यात गुंडाळून पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला होता. कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, हा सकाळी शंभर दाखवते, चार घरं झाले का तिसावर येते. गरम झाला का फोटोच घेत नाही." फोटो घेतला गेला नाही तर लाभार्थीची नोंद होत नाही, आणि नोंद झाली नाही तर काम झालेच नाही असे वरचे कार्यालय समजते. पोषण ट्रॅकर हे ॲप मार्च २०२१ मध्ये आले. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा शिधा देताना लाभार्थीचा चेहरा मोबाईलवर ओळखणे सक्तीचे झाले. म्हणजे गरोदर स्त्रीच्या शिध्याचे पाकीट आणि ती स्त्री यांच्यामध्ये आता एक बॅटरी उभी आहे. ती बॅटरी कोणी, कोणासाठी आणि कोणत्या हवामानासाठी घडवली, हा प्रश्न चैनीचा कसा म्हणता येईल?

फोन जंगलात लवकर का संपतो, हे आधी समजून घेतले पाहिजे; कारण "बाई गाणी ऐकत बसतात" असे उत्तर देणारे अधिकारी आम्ही पाहिले आहेत. मनोरा जवळ असतो तेव्हा फोन हळू आवाजात बोलतो. मनोरा दूर असला, मध्ये डोंगर आणि सागवानाची दाटी असली की त्याला ओरडून बोलावे लागते, अर्थात लहरी अधिक शक्तीने सोडाव्या लागतात. आणि मनोरा सापडतच नसेल तर तो पुनःपुन्हा शोध घेत राहतो. खिशात निपचित पडलेला फोन असा दिवसभर राबत असतो. त्यात स्थळनिश्चितीसाठी उपग्रहांचा शोध, रणरणत्या उन्हात दिसावा म्हणून पूर्ण उजळलेला पडदा, आणि कॅमेरा. नागपुरातल्या कचेरीत बसून हाच फोन दीड दिवस पुरतो, ही गोष्ट खरी असूनही अंगणवाडीच्या दृष्टीने निरर्थक आहे. कंपन्या जाहिरातीत "इतके तास चित्रफीत" असे जे आकडे देतात ते चांगला सिग्नल आणि बेताचे तपमान असलेल्या खोलीतले असतात.

उष्णतेचा मुद्दा तर याहून गंभीर. लिथियमची बॅटरी उन्हाने केवळ त्या दिवसापुरती थकत नाही. तिची साठवणशक्ती कायमची घटते. ॲपल कंपनी आपल्या पुस्तिकेत फोन वापरण्यायोग्य हवा ० ते ३५ अंश सेल्सिअसची असावी असे छापते. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जातो आणि रात्रीही फारसा उतरत नाही. त्या पुस्तिकेच्या हिशेबाने चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही गावे उन्हाळ्याचे तीन महिने मानवी वापराच्या कक्षेबाहेरची ठरतात. परंतु नेमक्या त्याच महिन्यांत तेंदूच्या फळ्या लागतात आणि रोजगार हमीची कामेही याच दिवसांत जोरात असतात.

आता जाडीकडे वळू. बॅटरीत वीज किती मावते हे मुख्यतः तिच्या आकारमानावर ठरते. फोन पातळ केला की बॅटरी लहान होते. यात गूढ काही नाही. २०२५ च्या मे महिन्यात सॅमसंगने ५.८ मिलिमीटर जाडीचा एक फोन बाजारात आणला. त्यात ३,९०० एमएएचची बॅटरी बसली. सप्टेंबरात ॲपलने ५.६ मिलिमीटरचा 'आयफोन एअर' आणला, त्यात ३,१४९. याच वर्षी भारतात सव्वाआठ मिलिमीटर जाडीच्या एका चिनी फोनमध्ये ७,००० एमएएच मिळत होते, आणि तेही ॲपलच्या निम्म्याहून कमी किमतीत. अडीच मिलिमीटरांत दुपटीहून अधिक आयुष्य! आणि गंमत पाहा: एक लाख एकोणीस हजार नऊशे रुपयांच्या त्या पातळ फोनबरोबरच कंपनीने त्याच्या पाठीला चिकटवायची एक वेगळी बॅटरीही विक्रीला ठेवली. आधी बॅटरी काढून पातळपणा विकायचा, मग पातळपणावर बॅटरी विकायची. वाण्याने तांदळातून दाणे काढून घ्यावेत आणि तेच पुडीत बांधून पुन्हा गिऱ्हाइकाच्या हाती द्यावेत, त्यातला हा प्रकार.

श्रीमंतांचे चोचले श्रीमंतांना लखलाभ, आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. दुर्दैवाने हे चोचले वरच राहत नाहीत. २००७ साली पहिला आयफोन आला तो बंद पाठीचा. बॅटरी आत जखडलेली. तेव्हा इतर बहुतेक फोनांची पाठ नखाने उघडत असे. पुढच्या आठ-दहा वर्षांत सात-आठ हजारांच्या फोनची पाठही डिंकाने बंद झाली. ज्या गिऱ्हाइकाने पातळपणा कधी मागितला नव्हता त्याच्या गळ्यात पातळपणाचे सगळे तोटे आले, फायदा मात्र एकही नाही. २००३ साली निघालेला नोकिया ११०० आठवून पाहा. जगभर त्याचे पंचवीस कोटींहून अधिक नग खपले. धूळ जाणार नाही अशी कळफलकाची घडण, माथ्यावर विजेरी, आणि पाठ उघडताच हातात येणारी बॅटरी, जी त्याच कंपनीच्या इतर कित्येक नमुन्यांनाही चाले. अभियंत्यांना गरिबाच्या गरजेचा फोन बनवता येत नाही असे म्हणण्याची सोय त्या फोनने कायमची बंद केली आहे.

पाठ बंद करण्याचे समर्थन असे केले जाते की त्याशिवाय फोनमध्ये पाणी आणि धूळ शिरते. हे अर्धसत्य आहे. सॅमसंगचाच २०१४ चा एस-५ हा फोन पाण्यात टिकत असे आणि त्याची बॅटरी हाताने निघत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीने भारतात 'एक्सकव्हर ७' आणला: पाण्यात बुडाला तरी शाबूत आणि बॅटरी बदलता येणारी. हा फोन प्रामुख्याने कंपन्यांच्या कामगारांसाठी, गोदामे आणि कारखाने यांच्यासाठी विकला गेला. म्हणजे कामगार भांडवलदाराचा असेल तर त्याचे काम बॅटरीअभावी थांबता कामा नये, याची जाण कंपनीला आहे! उघडत्या पाठीसाठी थोडी जागा आणि थोडे वजन खर्ची पडते, हे आम्ही नाकारत नाही. प्रश्न एवढाच की ती देवघेव कोणाच्या सोयीने ठरते.

बंद पाठीचा खरा लाभ कोणाला होतो हे डिसेंबर २०१७ मध्ये उघड झाले. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांचा वेग आपणच सॉफ्टवेअरमधून कमी केला होता, अशी कबुली ॲपलला द्यावी लागली. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केले, असे कंपनीचे म्हणणे. पण ग्राहकाला ते सांगितले नव्हते. त्याला वाटले फोनच म्हातारा झाला. वस्तुतः हवी होती फक्त नवी बॅटरी. गवगवा झाल्यावर ती बदलून देण्याचा दर कंपनीने ७९ डॉलरवरून २९ वर आणला. २०२० साली फ्रान्सने अडीच कोटी युरोंचा दंड केला आणि अमेरिकेतल्या दाव्यात पन्नास कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. भामरागडच्या माणसाला असा दावा कुठे लावता येणार? त्याला अधिकृत दुरुस्ती केंद्र गाठायचे तर एक दिवस एसटीने जायला आणि एक यायला लागतो, आणि दोन दिवसांची मजुरी बुडते. म्हणून तो फुगलेल्या बॅटरीचा फोन रबराने बांधून वापरतो. हे धोक्याचे आहे, आणि हा धोका त्याने स्वखुशीने पत्करलेला नाही.

युरोपात यावर कायदा झाला. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. कायद्यात पळवाट ठेवली आहे: हजार वेळा भरूनही ऐंशी टक्के शक्ती राखणारी बॅटरी असेल आणि फोन पाण्यापासून सुरक्षित असेल तर सूट मिळू शकते. तरीही एक किमान मर्यादा आखली गेली. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकासाठी आणखी एक नेमली, आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. निर्देशांक म्हणजे खोक्यावरचे गुणांकन, बंधन नव्हे. जिथे निवडीला वाव आहे त्या शहरी ग्राहकाला गुणांकनाचा उपयोग होईल. सेविकेच्या हाती फोन सरकार ठेवते, तिने कोणते गुण वाचायचे?

आमच्या मते मर्मस्थान इथे आहे. सरकार हा काही साधा गिऱ्हाईक नाही. ते एका निविदेत लाखभर फोन घेते. अंगणवाड्यांसाठी २०१९ साली घेतलेल्या फोनांची कथा ताजी आहे. अपुऱ्या स्मरणशक्तीचे ते फोन तापत, अडत, बंद पडत. हमीची मुदत सरली आणि दुरुस्तीचा भुर्दंड तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या सेविकांच्या माथी आला. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. आमच्या माहितीत भारतातल्या श्रमिक स्त्रियांनी यंत्राच्या घडणीविरुद्ध इतक्या मोठ्या संख्येने केलेले असे दुसरे आंदोलन नाही. परंतु आपल्याकडे त्याची चर्चा मानधनाच्या मागणीचे एक उपकलम एवढीच झाली. ही चूक आपली.

रोजगार हमीचेही तसेच. १ जानेवारी २०२३ पासून कामावरची हजेरी मोबाईलवर दिवसातून दोन फोटो घेऊन लावणे सक्तीचे झाले. फोन मेटचा, बॅटरी मेटची, भरण्याचा खर्चही त्याचाच. दुसऱ्या फोटोच्या वेळी फोन विझला तर मजुरी मात्र खड्डा खणणाऱ्याची जाते. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तो कायदाच बदलला, परंतु तंत्राने पाळत ठेवण्याचा आग्रह नव्या कायद्यातही कायम आहे. ज्या राज्याने १९७७ साली देशाला रोजगार हमीचा कायदा दिला, त्या राज्यातला मजूर घामाने हजेरी लावून बॅटरीअभावी गैरहजर ठरतो!

आणि हे कुठे घडते? चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. एक फोन पूर्ण भरायला युनिटचा चाळिसावा भाग पुरतो. हिशेब करून पाहा: ते केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर एका सेकंदात तीस हजारांहून अधिक फोन भरतील एवढी वीज तिथे तयार होते. कोळसा इथला, राख इथल्या फुफ्फुसांत. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत मात्र पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता, वीज आणि मोबाईलचा सिग्नल हे तिन्ही बरोबरच जातात. अशा वेळी फोन दोन दिवस टिकला तर बाळंतिणीसाठी निरोप जाऊ शकतो; सहा तासांत विझला तर नाही.

नव्या तंत्राचे ढोल वाजू लागले आहेत. बॅटरीच्या ऋण टोकाला ग्रॅफाइटऐवजी सिलिकॉन-कार्बनचे मिश्रण वापरले की तेवढ्याच जागेत अधिक वीज मावते. ७,००० एमएएचचे फोन त्यातूनच आले. सिलिकॉन लिथियम शोषताना फुगतो, त्यामुळे झीज आटोक्यात ठेवणे हे अभियंत्यांपुढचे कोडे आहे. ते सुटेलही. पण वाढलेल्या शक्तीचे करायचे काय, हे प्रयोगशाळा ठरवणार नाही. ती शक्ती दुसऱ्या दिवसाच्या वापरासाठी ठेवता येते किंवा आणखी एक मिलिमीटर छाटण्यात उधळता येते. डॉ. लोहिया छोट्या यंत्राचा आग्रह धरत तेव्हा यंत्र कोणाच्या हाती चालणार आणि कोण दुरुस्त करणार, हे त्यांना आधी ठरवायचे होते; आकार मागाहून.

म्हणून यापुढे मानधन आणि बोनसच्या मागणीपत्रात यंत्राचीही कलमे हवीत. सरकारने कामासाठी सक्तीचा केलेला फोन सरकारनेच द्यावा. त्याची बॅटरी साध्या पेचकसाने निघावी आणि तालुक्याच्या गावी, एटापल्लीत, जिवतीत, कोरचीत, मिळावी. पंचेचाळीस अंशांत तो चालतो याची लेखी हमी पुरवठादाराने द्यावी. फोन बंद पडल्याने राहिलेली नोंद कागदी वहीवरून ग्राह्य धरावी आणि त्यापायी कोणाची मजुरी वा शिधा थांबू नये. खरेदीपूर्वी नमुन्याचे पंचवीस फोन मे महिन्यात जंगलातल्या पंचवीस अंगणवाड्यांत पंधरा दिवस वापरून पाहावेत, आणि ते पास की नापास हे ठरवणाऱ्या समितीत मंत्रालयातले जितके अधिकारी असतील तितक्याच सेविका असाव्यात. दोन्ही जिल्हा परिषदांपुढे ही कलमे पुढची निविदा निघण्यापूर्वी गेली पाहिजेत. निविदा निघाल्यावर हाती पुन्हा मोर्चाच उरतो, आणि परत करायला लाखभर फोन.