विश्लेषण : तपासणारा डॉक्टर की विद्यार्थी? रुग्णाला हे कळायला हवे!

सातारा-सांगली जिल्ह्यांत मोठे दुखणे आले की घरातली माणसे कराड, मिरज, सांगली किंवा साताऱ्याची वाट धरतात. या चारही ठिकाणची प्रमुख रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली आहेत. म्हणजे रुग्णाला बरे करणे आणि नवे डॉक्टर घडवणे ही दोन्ही कामे एकाच खाटेजवळ चालतात. रुग्णाला मात्र हे बहुतेकदा कोणी सांगत नाही. ते सांगणे आणि त्याची परवानगी घेणे सक्तीचे का असावे, याचा हा आढावा.

या भागात वैद्यकीय शिक्षणाची परंपरा किती जुनी?

कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत 1894 मध्ये रुग्णालय उभारले आणि काही वर्षांतच तिथे वैद्यकीय शिक्षणही सुरू केले. 1962 मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. कराडचे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय 1984 मध्ये सुरू झाले आणि 2005 मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी सांगलीत भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय उघडले. साताऱ्यातले 100 जागांचे शासकीय महाविद्यालय हे यातले सर्वांत नवे.

एका रुग्णाभोवती इतके डॉक्टर कशासाठी?

शिक्षण रुग्णालयात रुग्ण एका युनिटकडे दाखल होतो. युनिटमध्ये प्राध्यापक, सहायक प्राध्यापक, पदव्युत्तर शिक्षण घेणारे निवासी डॉक्टर आणि इंटर्न असतात. त्यांच्यामागे एमबीबीएसचे विद्यार्थी असतात. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक वर्ष यांतला मोठा भाग वॉर्ड आणि ओपीडीत जातो. पुस्तकातून यकृताची सूज ओळखता येत नाही, त्यासाठी पोटावर हात ठेवावाच लागतो. म्हणूनच 100 जागांच्या महाविद्यालयाला 420 खाटांचे रुग्णालय लागते, असा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा 2023 चा निकष आहे. थोडक्यात, रुग्णाशिवाय महाविद्यालयाला मान्यताच मिळू शकत नाही.

यात रुग्णाचा फायदा काय, त्रास काय?

फायदा मोठा आहे. रात्री दोन वाजताही वॉर्डात डॉक्टर असतो. एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याच्या लक्षात येते. राउंडला प्राध्यापक प्रश्न विचारतात तेव्हा निदानाची आपोआप फेरतपासणी होते. पाटण, माण किंवा जतच्या शेतमजूर कुटुंबाला एवढी तज्ज्ञ मंडळी एका छताखाली दुसरीकडे परवडणार नाहीत.

त्रासही खरा आहे. तीच माहिती चार जणांना सांगावी लागते. दुखऱ्या जागी पुन्हा पुन्हा हात लागतो. सुई टोचणारा हात कधी शिकाऊ असतो, तर कधी रात्रभर जागलेला. निवासी डॉक्टरांना सलग 12 तासांहून अधिक आणि आठवड्याला 48 तासांहून अधिक काम नको, हे केंद्राच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेतले तत्त्व आहे. प्रत्यक्षात ते क्वचितच पाळले जाते. दमलेल्या डॉक्टरकडून विचारपूस आणि परवानगी यांनाच पहिली कात्री लागते.

कायदा संमतीबद्दल काय सांगतो?

समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट निकाल दिला. दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिलेल्या महिलेचे गर्भाशय आणि बीजकोश तिच्या आईची परवानगी घेऊन काढण्यात आले होते. सज्ञान, सक्षम रुग्णाच्या वतीने दुसऱ्याने दिलेली संमती चालत नाही आणि तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. संमतीआधी पुरेशी माहिती देणेही बंधनकारक ठरले.

तोच न्याय शिकवण्यालाही लावायला हवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उपचाराची संमती म्हणजे दहा विद्यार्थ्यांसमोर तपासणी करून घेण्याची संमती नव्हे. दाखल होताना घाईत सही केलेल्या छापील अर्जात सगळे आले, असे मानणे सोयीचे असेल, पण न्याय्य नाही.

भाषेचा प्रश्न कुठे येतो?

शासकीय महाविद्यालयांत एमबीबीएसच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. अभिमत विद्यापीठांचे प्रवेश तर देशपातळीवरच होतात. त्यामुळे खाटेजवळ उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला ‘पोटात कळ येतीय’, ‘अंग मोडून आलंय’ यातला फरक कळेलच असे नाही. 2019 च्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या पायाभूत टप्प्यात स्थानिक भाषेला जागा आहे. पण काही दिवसांच्या वर्गाने भागत नाही. वॉर्डात पाऊल ठेवण्याआधी मराठी संवादाची तोंडी परीक्षा घ्यायला हवी. भाषा कळत नसेल तर निदान चुकते आणि संमतीही पोकळ ठरते.

सगळ्यांनी नकार दिला तर डॉक्टर कसे घडणार?

हा आक्षेप रास्त आहे. मात्र नीट विचारले तर बहुतेक रुग्ण होकार देतात, असे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. माणसे विद्यार्थ्यावर नव्हे, तर गृहीत धरले जाण्यावर चिडतात. दुसरी बाब म्हणजे, आज विद्यार्थ्याला नकार देता येत नाही तो प्रामुख्याने गरीब रुग्णाला. पैसे मोजून स्वतंत्र खोली घेणाऱ्याभोवती विद्यार्थ्यांचा घोळका नसतो. नव्या डॉक्टरांचा लाभ सगळ्यांना आणि शिकवण्याचा भार फक्त जनरल वॉर्डला, ही वाटणी बदलायला हवी.

काय करता येईल?

यासाठी मोठा खर्च लागत नाही. छातीवर मराठीत नाव आणि ‘विद्यार्थी’, ‘इंटर्न’, ‘निवासी डॉक्टर’ असे ठळक लिहिलेला बिल्ला हवा. तपासणीआधी नाव सांगून परवानगी मागावी. नकाराचा उपचारावर परिणाम होणार नाही, हे वॉर्डाच्या भिंतीवर लिहावे. स्त्रियांच्या अंतर्गत तपासणीसाठी आणि भुलेखालच्या रुग्णावर शिकवण्यासाठी वेगळी लेखी संमती घ्यावी. जबाबदार वरिष्ठ डॉक्टरचे नाव केसपेपरवर असावे.

रुग्ण आणि नातेवाइकांनीही तीन प्रश्न न संकोचता विचारावेत : आपण कोण? माझ्या उपचाराचा निर्णय कोण घेतो? ही तपासणी उपचारासाठी आहे की शिकण्यासाठी? आणि उत्तर ‘शिकण्यासाठी’ असेल तर शक्य असेल तेव्हा होकार द्यावा.

2022 पासून एमबीबीएसचे विद्यार्थी गावांतली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करतात. तिथे ते दारात उभे राहून ‘आत येऊ का?’ असे विचारतात. वॉर्डातल्या खाटेजवळही त्यांनी तेवढेच विचारावे, ही मागणी जास्त नाही.