हुकूम खांद्यावरच्या ताऱ्यांचा

‘बायकांनी सैन्यात जरूर यावे, पण आघाडी पुरुषांकडेच राहू द्यावी,’ असा उपदेश परवा एका जाणत्या गृहस्थांनी व्यासपीठावरून केला. कारणे तीन: बाईचे शरीर कमी पडते, ती शत्रूच्या हाती लागली तर अब्रूचे काय, आणि खेड्यातून आलेला जवान बाईचा हुकूम मानणार नाही.

या तिसऱ्या कारणाचा मला संताप येतो. जवानाचा कैवार घेतल्याचा आव आणून ते त्याचाच अपमान करते. सरकारने हे सर्वोच्च न्यायालयात लेखी मांडले होते. 17 फेब्रुवारी 2020 च्या निकालाने ते फेटाळले गेले. तरी ते पुन्हा पुन्हा उगवतेच! ज्या खेड्याचा हवाला देता, ते अलीकडे पाहिले आहे काय? महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. सातबाऱ्यासाठी पोरगा तलाठीबाईंपुढे ताटकळतो, एसटीत कंडक्टरबाईंनी ‘पुढं सरका’ म्हटले की मुकाट सरकतो. तोच पलटणीत जाऊन बिथरेल? कवायतीच्या पहिल्या दिवसापासून त्याच्या अंगात मुरवतात ते हेच, की हुकूम खांद्यावरच्या ताऱ्यांचा असतो. एखाद्याने तो मोडलाच, तर शिक्षा त्याला करा. अधिकारी स्त्रीला कशासाठी? मुलींच्या शाळेत शिकवायला निघालेल्या बाईवर शेण फेकले जात होते, तेव्हाही ‘समाज तयार नाही’ हेच ऐकवले गेले. समाज तयार होईपर्यंत थांबलो असतो, तर आज आपल्या लेकी निरक्षर राहिल्या असत्या.

अब्रूचे म्हणाल, तर छळ पुरुष युद्धकैद्याचाही होतो. म्हणून त्याला कोणी घरी बसवत नाही. ताकदीचे म्हणाल, तर ती मोजून घ्या.

स्त्रिया 2016 पासून लढाऊ वैमानिक आहेत, 2023 पासून तोफखान्यात अधिकारी आहेत. 30 मे 2025 रोजी खडकवासल्याच्या एनडीएतून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. पायदळाचे आणि रणगाडा दलाचे दार मात्र त्यांना अजून बंदच आहे. ते उघडा. सवलत नको, कसोटी एकच ठेवा. बोफोर्सचा गोळा चाळीस किलोंच्या वर भरतो; तो उचलणे कसोटीत असेल, तर तिनेही उचलावा, न जमल्यास माघारी जावे. पण जी कसोटीला उतरेल, तिला निव्वळ बाई म्हणून अडवण्याचा अधिकार कोणालाही नाही.