वकील व्हायचे, पण कोठून?

ज्या घरांत बारावीनंतर डॉक्टर की इंजिनियर एवढाच वाद होत असे, त्या घरांत अलीकडे तिसरा विषय शिरला आहे. कायदा शिकायचा, तर कोठे? सिंदी (रेल्वे)सारख्या गावात या प्रश्नाला एक वेगळीच धार आहे. सिंदीहून रेल्वेने नागपूरकडे निघाले की बोरखेडीनंतर बुटीबोरी येते, आणि बुटीबोरीलगत वारंगा येथे महाराष्ट्र राष्ट्रीय विधि विद्यापीठाचा परिसर उभा आहे. २०१४ च्या राज्य कायद्यान्वये मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे अशी तीन विद्यापीठे स्थापन झाली. नागपूरचे वर्ग २०१६ मध्ये सुरू झाले. त्याच गाडीने पुढे नागपूर शहरात उतरले की नागपूर विद्यापीठाचे जुने डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधि महाविद्यालय आहे. एकाच लोहमार्गावरच्या या दोन संस्था, परंतु त्यांच्यातील अंतर किलोमीटरांत मोजता येत नाही.

राष्ट्रीय विधि विद्यापीठांची कल्पना मुळात उदात्त होती. बंगळूरच्या पहिल्या संस्थेत १९८८ मध्ये माधव मेनन यांनी पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम सुरू केला, तो वकिली व्यवसायाचा कस वाढावा म्हणून. बारावीनंतरच निवडलेली बुद्धिमान मुले कायद्याकडे वळावीत, न्यायालयांना उत्तम वकील व समाजाला उत्तम न्यायाधीश मिळावेत, ही अपेक्षा होती. शिक्षणाचा दर्जा वाढला, यात शंका नाही. पण तेथून बाहेर पडणाऱ्या गुणवंतांचा मोठा प्रवाह जिल्हा न्यायालयांकडे न जाता महानगरांतील कायदेविषयक कंपन्यांकडे वळला, हेही आता गुपित राहिलेले नाही. याबद्दल त्या मुलांना दोष देणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकाला तो अन्याय वाटतो. दोष शोधायचाच तर तो बँकेच्या पासबुकात शोधावा.

हिशेब साधा आहे. वसतिगृह व भोजन धरून अशा विद्यापीठाचा वर्षाचा खर्च दोन लाखांच्या पुढे जातो. पाच वर्षांचे दहा लाख धरले आणि ते दहा टक्के व्याजाने, दहा वर्षांत फेडायचे ठरवले, तर मासिक हप्ता तेरा हजारांच्या वर येतो. शिक्षणकाळातील व्याज त्यात धरलेलेच नाही. आता दुसरी बाजू पाहा. कनिष्ठ वकिलांना शहरी भागात किमान वीस हजार व ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. ती शिफारसच आहे, बंधन नाही. तालुक्याच्या न्यायालयात पहिली दोन वर्षे ज्येष्ठांच्या फायली उचलणाऱ्या तरुणाला पंधरा हजार मिळाले, असे समजून चालू. हप्ता गेल्यावर हाती दोन हजारही उरत नाहीत. मग तो मुलगा मुंबईची नोकरी धरणार नाही तर काय करणार? कर्ज काढले त्या दिवशीच त्याची वकिली कोठे चालणार हे ठरून गेलेले असते.

आणि सेलू-वर्ध्याच्या न्यायालयांना चांगल्या वकिलांची गरज नाही, असे कोणी म्हणू नये. समृद्धी महामार्ग सेलू तालुक्यातून गेला. सिंदी परिसरात ड्राय पोर्ट व मालवाहतूक केंद्राची आखणी झाली. जेथे जमिनीचा भाव चढतो तेथे वाटणीचे दावे, फेरफाराच्या हरकती, मोबदल्याच्या तक्रारी आणि कराराची कलमे ओघाने येतातच. समोर कंपनीचा जाणता वकील उभा असतो, आणि शेतकऱ्याच्या बाजूने कोण उभे आहे यावर एका कुटुंबाची पुढची पन्नास वर्षे अवलंबून असतात. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना, जुन्या खरेदीखताची भाषा आणि साक्षीदाराच्या बोलीतला नेमका अर्थ ज्याला कळतो, असा वकील तेथे हवा. तो येथल्याच मातीतून तयार व्हायचा आहे.

पण त्याच मुलाला वारंग्याच्या दाराशी अडवते ती इंग्रजी. क्लॅट ही प्रवेशपरीक्षा २००८ पासून होते आणि ती केवळ इंग्रजीत होते. एकशेवीस प्रश्न, दोन तास. लांबलचक उतारे वाचून उत्तरे द्यायची, चुकले तर गुण वजा. खुल्या वर्गासाठी अर्जाचेच शुल्क चार हजार रुपये. मराठी शाळेतला हुशार विद्यार्थी येथे कायद्याच्या जाणिवेत मागे पडत नाही, वाचनाच्या वेगात मागे पडतो. ही परीक्षा भारतीय भाषांतून घ्यावी, अशी याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली आणि बार कौन्सिलनेही तिला पाठिंबा दर्शविला. राज्याची विधि सीईटी मराठीत देता येते. मग राष्ट्रीय म्हणविणाऱ्या विद्यापीठांना राष्ट्राच्या भाषा जड का व्हाव्यात? अर्थात, केवळ प्रश्नपत्रिका मराठीत आली म्हणजे काम भागेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पुढची पाच वर्षे इंग्रजीतच आहेत आणि उच्च न्यायालयही इंग्रजीतच चालते. प्रवेशानंतर पहिल्या वर्षी भाषेची वेगळी तयारी करून घेण्याची जबाबदारी विद्यापीठाने घेतली पाहिजे.

जुन्या महाविद्यालयाची बाजू मांडताना नागपूरकर हमखास मोठी नावे सांगतात. ४७ वे सरन्यायाधीश शरद बोबडे नागपूरच्या आंबेडकर महाविद्यालयाचे. ज्येष्ठ विधिज्ञ हरीश साळवे नागपूर विद्यापीठाचे. ५२ वे सरन्यायाधीश भूषण गवई अमरावती विद्यापीठाचे. नावे खरी आहेत, अभिमानास्पदही आहेत. तथापि पालकांनी येथे थोडे थांबावे. बोबडे यांचे वडील राज्याचे महाधिवक्ता होते. साळवे आणि गवई यांचीही घरे सार्वजनिक जीवनात नामवंत होती. त्यांच्या कर्तृत्वाला याने उणेपणा येत नाही. पण महाविद्यालयाच्या इमारतीने त्यांना घडवले, असा निष्कर्ष सिंदीच्या शेतकऱ्याने काढू नये. ज्याच्या घरी कायद्याचे पुस्तक नाही, त्याला संस्थेकडून अधिक काही मिळायला हवे.

म्हणून प्रवेशापूर्वी एका साध्या दिवशी, न सांगता, त्या महाविद्यालयात जाऊन यावे. वर्ग भरतो का? ग्रंथालयात मुले बसलेली दिसतात का? अभिरूप न्यायालय वर्षभर चालते की पाहुणे आले की? विधिसाहाय्य केंद्रात खरा पक्षकार येतो का? जेथे फक्त परीक्षेपुरती हजेरी लागते, त्या महाविद्यालयाचे शुल्क कितीही कमी असले तरी ते महागच पडते.

माझे मत विचाराल तर, ज्याला कर्जावाचून अथवा शिष्यवृत्तीवर वारंगा परवडते आणि इंग्रजीची भीती नाही, त्याने तेथेच जावे. त्याहून चांगली संधी घराजवळ नाही. ज्याला दहा लाखांचे ओझे घ्यावे लागेल आणि वकिली मात्र वर्ध्यातच करायची आहे, त्याने रेल्वेचा पास काढावा, नागपूरला शिकावे आणि दुसऱ्या वर्षापासून सुटीच्या दिवसांत एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात बसावे. पदवीनंतरचा तीन वर्षांचा मार्गही कमी प्रतीचा नाही. वर्ष एकच जास्त लागते, आणि तोवर भाषा सुधारते. न्यायाधीश होण्याची आकांक्षा असेल तर हा विचार अधिकच लागू पडतो. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. ती तीन वर्षे हप्ता भरत काढायची की अनुभव घेत, हे प्रवेशाच्या वेळीच ठरते.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट अवश्य पाहावी. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी देण्याचा निर्णय राज्याने जुलै २०२४ मध्ये घेतला. निवडलेल्या संस्थेला आणि त्या अभ्यासक्रमाला ती लागू आहे का, हे शुल्काची पावती फाडण्यापूर्वी महाविद्यालयाच्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावे.