रिकाम्या चौकटीचा अर्थ कोण लिहिणार?

कार्यालयांतील हिशेबाचे तक्ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांच्या स्वाधीन करण्याचा उत्साह सध्या सर्वत्र दिसत आहे. पगारपत्रके, लाभार्थींच्या याद्या, साठ्याच्या नोंदी हे सारे स्प्रेडशीटवर चालते. तेव्हा स्प्रेडशीट वाचणारी, भरणारी आणि बदलणारी साधने एजंटाच्या हाती दिली की काम आपोआप होईल, असा व्यवस्थापनांचा होरा आहे. चर्चा होते ती यंत्राच्या हुशारीची. साधनाबरोबर जे माहितीपत्रक लिहावयाचे असते, त्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. आणि सारी मेख तर तेथेच आहे.

एजंटापुढे साधन येते ते शब्दरूपाने. साधनाचे नाव, दोन-चार वाक्यांचे वर्णन आणि त्याला पुरवावयाच्या मूल्यांची यादी, एवढ्यावरून त्याला निवड करावी लागते. २०२४ च्या अखेरीस प्रसृत झालेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही साधनांची ओळख याच मार्गाने करून दिली जाते. शंका आली की जुना कारकून शेजारच्या टेबलाशी जाऊन विचारतो. एजंट पुष्कळदा राहिलेली पोकळी तर्काने भरून काढतो आणि तोच तर्क ठाम भाषेत मांडतो.

गूगल ॲप्स स्क्रिप्टमधील ‘गेटरेंज’ ही आज्ञा पाहावी. तिला चार आकडे दिले, तर पहिले दोन आरंभीची ओळ व रकाना सांगतात. तिसरा आकडा शेवटच्या ओळीचा असावा, असे कोणासही वाटेल. वस्तुतः तो ओळींच्या संख्येचा असतो. दहाव्या ओळीपासून विसाव्यापर्यंतच्या नोंदी हव्या असताना तेथे २० लिहिले, तर एकोणतिसाव्या ओळीपर्यंतचा मजकूर हाती येतो. शिवाय तक्त्यातील मोजणी १ पासून, आणि त्यातून बाहेर काढलेल्या मूल्यांची ० पासून! या दुसऱ्या गोष्टीची आठवण गूगलच्या माहितीपत्रकात एका साध्या वाक्याने करून दिलेली आहे. असे वाक्य लिहिणाऱ्याला सहसा कोणी शाबासकी देत नाही.

पायथॉन भाषेतील ओपनपायएक्सएल या साधनाची कथा याहून बोलकी आहे. ‘केवळ मूल्ये’ हा पर्याय निवडून फाइल उघडली, की सूत्रांच्या जागी एक्सेलने शेवटी साठवून ठेवलेली उत्तरे मिळतात. एवढे वर्णन पूर्णपणे खरे आहे. परंतु तीच फाइल त्याच नावाने पुन्हा साठविली, तर सूत्रे नाहीशी होऊन तेथे निर्जीव आकडे उरतात. पुढच्या महिन्यात पगाराचा दर बदलला, तरी बेरीज जुनीच राहणार. म्हणजे वर्णन खरे असणे पुरेसे नाही. त्या कृतीने काय नष्ट होईल, हेही त्याच जागी लिहिलेले असावे लागते.

मर्यादा ओलांडल्यावर साधन काय करते, ही बाब तर सर्वाधिक जिव्हाळ्याची. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत करोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी दैनंदिन आकड्यांतून गळाल्या. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत भरली जात होती, आणि त्या फाइलीत ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहीत. जे मावले नाही ते मागे राहिले. रुग्णांना त्यांचे निकाल कळले होते. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध मात्र लांबला. तेथे कोणी एजंट नव्हता. ओळींची मर्यादाही गुप्त नव्हती. पण ती पुस्तकात असणे आणि काम करणाऱ्याच्या समोर असणे यांत फार अंतर आहे.

मॉडेल उत्तरोत्तर सुधारत जातील, मग माहितीपत्रकांची एवढी उठाठेव कशाला, असा प्रश्न विचारला जातो. मॉडेल सुधारत आहेत, हे मान्यच करावे लागेल. परंतु एखाद्या रकान्यातील रिकाम्या चौकटीचा अर्थ ‘शून्य’, ‘लागू नाही’ की ‘अद्याप कळले नाही’, हे कोणत्याही बुद्धीला केवळ तर्काने कळणे शक्य नाही. तो त्या कार्यालयाचा रिवाज असतो. ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल, हेही रिवाजावरच ठरते. ओळ जोडल्याची पोच उशिरा आली म्हणून एजंटाने तीच आज्ञा पुन्हा दिली, तर एकाच माणसाच्या नावे दोन नोंदी होतील की नाही, हे साधन रचणाऱ्याने सांगितल्यावाचून कोणास कळावे?

हे रिवाजाचे ज्ञान ज्याच्यापाशी आहे तो बहुधा सर्वांत कमी पगाराचा नोकर असतो. वर्षानुवर्षे तक्ता त्याने सांभाळलेला असतो. साधन तयार करताना त्याला विचारले जात नाही. बेरीज चुकली की जाब मात्र त्यालाच द्यावा लागतो, कारण अखेरची सही त्याची असते. स्वयंचलनाच्या प्रश्नावर व्यवस्थापनाशी बोलणी करताना संघटनांनी नोकऱ्यांच्या संख्येबरोबर या गोष्टीचाही आग्रह धरावयास हवा. तक्त्यावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यास माहितीपत्रकाचा मसुदा दाखविल्यावाचून कोणतेही साधन एजंटाच्या हाती देऊ नये. त्याने सुचविलेली दुरुस्ती त्याच्या नावानिशी नोंदवावी, आणि त्यासाठी लागणारे तास कामाच्या तासांतच धरावेत.