आमचा मारियो हळू पळायचा

या मे महिन्यात वेल्ह्याच्या घरी माळा साफ करताना पत्र्याच्या पेटीत अकरा कॅसेट सापडल्या. विशीतल्या वाचकांसाठी सांगतो, या गाण्यांच्या कॅसेट नव्हेत. टीव्ही गेमच्या प्लास्टिकच्या चपट्या डब्या. जग त्यांना कार्ट्रिज म्हणतं, आमच्याकडे कायम कॅसेटच म्हटलं गेलं. सोबत यंत्रही होतं. माझ्या लहानपणी धाकट्या काकांनी दिवाळीला पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेलं. अडॅप्टर जोडला, लाल दिवा लागला, पडदा मात्र राखाडीच राहिला.

भोरला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेलं. त्यांनी चार स्क्रू काढले. आत एक छोटा बोर्ड आणि त्यावर डांबराचा वाटावा असा एक काळा थेंब. त्या थेंबाखाली अख्खा संगणक असतो. काका म्हणाले, "यात बदलायला काही नाही रे बाळा. नवीनच घे."

नवीन घेताना कळलं की या विषयावर लोक बोलतात भरपूर, पण त्यातलं बहुतेक आपल्या काही कामाचं नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

जुन्या कॅसेट चालवणाऱ्या नव्या क्लोन यंत्रांची परीक्षणं पाहा. इंग्रजी असोत, हिंदी असोत, साचा एकच. रंग अस्सल निन्टेन्डोसारखे आहेत का? आवाज अस्सलसारखा आहे का? मग शेवटी निकाल: "क्लोन तो क्लोनच. परवडत असेल तर ओरिजिनल घ्या." कॉमेंटमध्ये लोक "फेक" म्हणून हसतात. या सगळ्यांनी धरलेलं गृहीतक असं, की प्रत्येकाच्या लहानपणी घरात अस्सल यंत्र होतं आणि आता त्याची नक्कल किती जमली एवढंच तपासायचंय.

आमच्या घरात अस्सल नव्हतं. भोरच्या राजवाड्याजवळच्या मित्राकडे नव्हतं, चेलाडी फाट्याजवळ राहणाऱ्या मावसभावाकडे नव्हतं. जपानमध्ये निन्टेन्डोचं फॅमिकॉम १५ जुलै १९८३ ला विक्रीला आलं आणि २००३ च्या सप्टेंबरात त्याचं उत्पादन थांबलं. तिकडे कारखान्यात शेवटचं यंत्र तयार होत होतं त्याच सुमारास इकडे आमची पहिली कॅसेट खाचेत बसत होती. नव्वदच्या दशकात सेगाचं मेगा ड्राइव्ह भारतात अधिकृतपणे आलं, तेव्हा त्याची किंमत १८,००० रुपयांच्या घरात होती. त्या काळच्या शिक्षकाच्या, कंडक्टरच्या पगारासमोर हा आकडा ठेवून पाहा. आमच्यापर्यंत पोचलं ते तैवान-चीनमधल्या चिपवर चालणारं, मीडिया, लिटल मास्टर असल्या नावांचं किंवा कसलंच नाव नसलेलं यंत्र. आम्ही त्याला क्लोन म्हणत नव्हतो. ते "टीव्ही गेम" होतं, बस.

आता प्रयोगाचं सांगतो. नवं यंत्र ऑनलाइन मागवलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाही. पहिला अडथळा खाचेचा. जपानी फॅमिकॉमची कॅसेट ६० पिनांची, अमेरिकी एनईएसची ७२ पिनांची. आपल्याकडच्या कॅसेट ६० पिनांच्या. नव्या यंत्रांत ७२ पिनांची पुष्कळ, कारण ती अमेरिकी गिऱ्हाइकासाठी बनतात. पाहिलेल्या परीक्षणांपैकी एकातही हा प्रश्न नव्हता. तीन विक्रेत्यांना विचारलं, दोघांना प्रश्नच कळला नाही.

अखेर ६० पिनांचं यंत्र मिळालं. अकरापैकी आठ कॅसेट लगेच चालल्या. दोन आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पिना पुसल्यावर चालल्या. एक गेलीच. (आपण सगळे फुंकर मारायचो, त्याने काही होत नव्हतं. कॅसेट काढून परत बसवल्याने पिना नीट टेकायच्या. उलट तोंडाच्या वाफेने पिना गंजतात.)

मारियो लावला. चुलत भाऊ शेतावरून आला होता, हात न धुताच शेजारी बसला. पहिल्या पाच सेकंदांत म्हणाला, "दादा, ह्यो लय पळतोय."

मी म्हटलं, वय झालं आपलं. तो म्हणाला, "न्हाय, गाणं पण पळतंय."

तो बरोबर होता. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचा, आपला पॅल पद्धतीचा ५० वेळा. हे खेळ वेळ मोजतात ती चित्रांवर. म्हणून ६० साठी लिहिलेला खेळ ५० वर चालवला की सगळंच सहाव्या हिश्श्याने मंदावतं, मिनिटाचं गाणं ७२ सेकंद चालतं. युरोपसाठी निन्टेन्डोने मारियोचा वेग जुळवून घेतलेली वेगळी आवृत्ती काढली होती. आपल्या कॅसेटमध्ये जपान-अमेरिकेचाच प्रोग्रॅम आणि यंत्र ५० चं. म्हणून आमचा मारियो हळू पळायचा, उडी हवेत जास्त वेळ तरंगायची.

आवाजाचंही तसंच. मूळ चिपमध्ये चौकोनी लहरींचे चार प्रकार आहेत. अनेक क्लोन चिपमध्ये त्यातले २५ आणि ५० टक्क्यांचे प्रकार आपसांत बदललेले होते. मूळ यंत्रावर जो सूर पातळ, नाकातला येतो तो इथे पोकळ, भरलेला येई, आणि उलट. इंजिनिअरच्या भाषेत हा सरळसरळ बग आहे.

मग लॅपटॉपवर मेसेन नावाचा इम्युलेटर घेतला. त्यात प्रदेश निवडायला जपान-अमेरिका आणि युरोपसोबत तिसरा पर्याय आहे, "डेंडी". शिवाय त्या दोन लहरींची अदलाबदल करायची सोयही आहे. दोन्ही चालू केलं. भावाला डोळे मिटायला लावले आणि दोन्ही आवाज उलटसुलट क्रमाने पाचदा ऐकवले. पाचही वेळा त्याने बदललेलाच आवाज निवडला. "हां, ह्यो आपला."

पाच हा आकडा लहान आहे आणि भाऊ एकच, हे मान्य. आपल्याकडची सगळी यंत्रं अशीच होती असाही माझा दावा नाही, कारण कारखाने वेगळे, चिप वेगळ्या. पण मी नोकरीत रोज सॉफ्टवेअर तपासतो, आणि तिथे टेस्ट लिहिण्याआधी पहिला प्रश्न असतो: कशाच्या तुलनेत? ज्या घरात अस्सल कधी आलंच नाही, त्या घरासाठी तुलनेचा खांब क्लोनच आहे. कॅलिफोर्नियातल्या संग्राहकाने "अचूक" म्हणून पैकीच्या पैकी गुण दिलेलं यंत्र आमच्या ओसरीवर चुकतं. आणि ज्याला तो "सदोष" म्हणेल ते आमच्यासाठी बरोबर ठरतं.

हा निव्वळ भावनेचा मामला नाही. रणगाड्यांचा खेळ आठवतो? विटांच्या भिंती, खाली गरुडाचा तळ, दोघांनी मिळून ३५ पातळ्या. तो नामकोचा "बॅटल सिटी", १९८५ चा. अमेरिकेच्या एनईएसवर तो अधिकृतपणे कधी आलाच नाही. म्हणजे जगाच्या एका मोठ्या भागाचा लाडका खेळ जपानबाहेर पोचला तो मुख्यतः या "फेक" यंत्रांच्या पाठीवर बसून. आणि त्यात स्वतःचा नकाशा बनवायची सोय होती. मी आयुष्यात पहिल्यांदा काही "बनवलं" ते तिथे. लाइट गेली की नकाशा गेला, आणि आमच्याकडे लाइट रोज जायची.

आता मेसेनमधला तो तिसरा पर्याय. डेंडी हे रशियातलं क्लोन यंत्र, १९९२ मध्ये स्टीपलर नावाच्या कंपनीने बाजारात आणलेलं. तेही नक्कलच. पण तिकडच्या लोकांना त्याची लाज वाटली नाही. त्यांनी यंत्रं उघडली, चिपवरचे क्रमांक लिहून ठेवले, किती रेषांनंतर कोणता सिग्नल येतो ते मोजलं. आज जगभरातल्या इम्युलेटरमध्ये त्यांच्या नक्कलेचं नाव एक मानक म्हणून बसलंय. वेल्ह्यात बसून मला माझं लहानपण ऐकायचं तर यादीतून रशियन नाव निवडावं लागतं. खेळणारी पोरं आपल्याकडे कमी नव्हती, इंजिनिअरही नव्हते कमी. मोजलं मात्र कुणी नाही, कारण "फेक" वस्तू मोजायची नसते असं आपण धरून चाललो.

इथे दोन आक्षेप येतील.

पहिला: फोनवर सगळे खेळ फुकट मिळतात, यंत्र हवंच कशाला? खेळ मिळतो, खरं आहे. पण काचेवर अंगठे घासत खेळलेला कॉन्ट्रा आणि दोन रिमोट घेऊन शेजारी शेजारी बसून, एकमेकांचे जीव उधार घेत खेळलेला कॉन्ट्रा यांत फरक आहे. आणि माझा प्रश्न मुळात खेळाचा नव्हता. पेटीत अकरा वस्तू आहेत, त्या चालतात की नाही, हा होता.

दुसरा आक्षेप जड आहे. ही सगळी चोरी नव्हती का? होती. काकांनी आणलेल्या कॅसेटचा एक पैसाही नामको किंवा कोनामीला गेला नसणार. १९८३ च्या यंत्राची पेटंटं केव्हाच संपली, त्यामुळे आज यंत्र बनवण्यात फारसं गैर नाही. खेळांचं तसं नाही. आपल्या कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि त्याचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. मारियोचे कर्ते हयात आहेत. तेव्हा आपल्या हयातीत मारियो मोकळा होणार नाही. कायद्याने बॅकअप घ्यायची मुभा आहे, पण ती प्रत रीतसर बाळगणाऱ्याला. माझी कॅसेट त्यात बसत नाही, आणि हे मी गोड शब्दांत झाकणार नाही. फक्त एवढंच म्हणतो की वस्तू बेकायदा मार्गाने आली म्हणून ती घडलीच नाही असं होत नाही. एका पिढीने कॉम्प्युटरशी पहिली ओळख कशी करून घेतली याचा तो पुरावा आहे.

आणि याच कारणासाठी माझा राग "४०० इन १", "९९९९ इन १" वाल्यांवर जास्त आहे. जत्रेत आणि ऑनलाइन दोन्हीकडे हे हातातले खेळ धडाक्यात विकले जातात. त्यांना खाचच नसते. म्हणजे घरातल्या कॅसेटचा उपयोग शून्य. आत परवानगीविना भरलेले खेळ, तेच पन्नास-साठ खेळ नावं आणि रंग बदलून हजार वेळा लावलेले. आणि जाहिरातीत काय, "तुमचं बालपण परत मिळवा". बालपण विकणाऱ्याने निदान मोजणी तरी खरी करावी.

मग यंत्र पारखायचं कसं? माझ्या कसोट्या सांगतो. खाच ६० पिनांची आहे का, आणि जुनी कॅसेट खोबणी न तोडता बसते का. ५० आणि ६० असा वेग बदलता येतो का. नुसती एचडीएमआय नको, पिवळ्या-पांढऱ्या वायरीची जागाही हवी, कारण नव्या टीव्हीवर चित्र थोडं उशिरा उमटतं आणि मारियो खड्ड्यात गेल्यावर आपण बटण दाबतो. (बंदुकीचा बदकांचा खेळ तर नव्या टीव्हीवर चालतच नाही. ती बंदूक जुन्या डबा-टीव्हीचा प्रकाश ओळखण्यासाठी बनलेली आहे.) चित्र ताणून रुंद न करता चौकोनी ठेवता येतं का. आणि शेवटचं, स्क्रूने उघडतं का, रिमोटची वायर आणि बटणाखालचं रबर भोरमध्ये बदलून मिळेल का. थेंब दुरुस्त होत नाही, पण बाकीचं व्हायला हवं.

मी घेतलेलं यंत्र या कसोट्यांवर काठावर पास झालं. खाच उत्तम, स्क्रू आहेत, वेग मात्र ६० लाच बांधलेला. भाऊ सवय करून घेतो म्हणाला. मी जुन्या टीव्हीच्या शोधात आहे.

जुनं, मेलेलं यंत्र टाकलं नाही. बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले, अडॅप्टरवरचे आकडे, कॅसेटवरची चुकलेली स्पेलिंग, सगळं लिहून ठेवलं. तुमच्याही माळ्यावर, गावाकडच्या पेटीत, आजीच्या कपाटावर असं काही असेल. भंगारवाल्याला देण्याआधी चार स्क्रू काढा, फोटो घ्या. चालत असेल तर मारियोच्या पहिल्या पातळीचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा आणि गाणं किती सेकंदांत फिरून पहिल्या जागी येतं ते मोजा. कुठून आणलं, कितीला आणलं, घरात कुणाला आठवतंय का विचारा. अशा पन्नास घरांची नोंद झाली तरी इम्युलेटरच्या त्या यादीत चौथं नाव मागता येईल. ते नाव काय असावं यावर आपण नंतर भांडू.